सारे काही घरी बनले, हेडफोन वगळून

१९१० साली अमेरिकन नौदलाच्या कार्यालयात एक विचित्र पत्र आले. कागद निळा-गुलाबी, शाई जांभळी. पत्राबरोबर हेडफोनचा एक जोड होता आणि तो तपासून पाहावा, अशी विनंती होती. पाठवणारा होता युटा राज्यातील नॅथॅनिएल बाल्डविन. अशा पत्रांची नौदलाला सवय होती. घरबसल्या शोध लावणाऱ्यांची त्या काळात वाण नव्हती. तरीही ए. जे. हेपबर्न या अधिकाऱ्याने ते हेडफोन जोडून पाहिले. नौदलाच्या वापरात असलेल्या कोणत्याही हेडफोनपेक्षा ते सरस निघाले. नौदलाने मागणी नोंदवण्याची तयारी दाखवली, तेव्हा बाल्डविनचे उत्तर आले की एका वेळी दहाच नग करता येतील. कारण साधे होते. तो ते स्वयंपाकघरात बनवत असे.

घरी बसून ऐकण्याची यंत्रे तयार करणाऱ्या छंदाचा इतिहास या स्वयंपाकघरापासून सांगावा लागतो आणि त्याचे कारण काहीसे उलटे आहे. पुढच्या अर्धशतकात जगभरच्या हौशी माणसांनी एरियल, कॉइल, डिटेक्टर असे रेडिओचे जवळजवळ प्रत्येक अंग घरी घडवले. कानाला लावायचा शेवटचा भाग मात्र बहुतेकांना कधीच जमला नाही. तो विकत घ्यावा लागे, उसना आणावा लागे आणि प्रसंगी चोरावा लागे. बाल्डविन हा या नियमाला मोठा अपवाद.

तो भाग इतका अवघड का होता? त्या काळचा साधा टेलिफोन रिसीव्हर म्हणजे एक कायमस्वरूपी लोहचुंबक, त्याच्या टोकांवर बारीक तारेची गुंडाळी आणि समोर लोखंडाची पातळ चकती. गुंडाळीतून येणारा प्रवाह कमी-जास्त झाला की चुंबकाची ओढ कमी-जास्त होते, चकती थरथरते आणि आवाज निर्माण होतो. पण चुंबक त्या चकतीला शांततेतही ओढूनच धरत असतो. ती आधीच ताणलेली असते आणि क्षीण संदेशाला तिच्याकडून फारसा प्रतिसाद मिळत नाही. बाल्डविनने ही ओढच रद्द केली. त्याने एक हलकी लोखंडी पट्टी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अशी तोलून धरली की प्रवाह नसताना दोन्ही बाजूंची ओढ समसमान राहावी. तराजूच्या दांडीसारखी ती पट्टी अत्यल्प प्रवाहानेही झुकते. तिच्या टोकाला बारीक काडी आणि काडीला अभ्रकाची हलकी चकती जोडलेली. प्रत्येक इयरपीसमध्ये सुमारे मैलभर लांबीची केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेली होती. एवढी तार एका वाटीएवढ्या जागेत न तुटता गुंडाळायची, हे काम स्वयंपाकघराच्या टेबलावर एक माणूस करत होता.

बाल्डविन काही अडाणी कारागीर नव्हता. १८७८ साली युटातील फिलमोर येथे जन्मलेला हा माणूस स्टॅनफर्डमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकला होता. काही काळ त्याने अध्यापनही केले. सॉल्ट लेक सिटीतील मॉर्मन पंथाच्या भव्य प्रार्थनागृहात प्रवचने नीट ऐकू येत नसत आणि आवाज मोठा करण्याच्या त्याच्या खटपटीला तिथूनच चालना मिळाली. नौदलाने त्याला डोक्यावरचा पट्टा सुधारायला सांगितले, तेव्हा त्याने चामडे मढवलेल्या दोन तारा आणि त्यावर वर-खाली सरकणारे इयरपीस अशी रचना करून दिली. आजच्या हेडफोनचा आकार साधारण तिथून आला. पट्ट्याची ही कल्पना पेटंट घेण्याच्या योग्यतेची नाही, असे त्याचे मत होते. या एका मतामुळे किती पैसा हातचा गेला असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

हेडफोनच्या संवेदनशीलतेला तेव्हा एवढे मोल का होते, हे आज चटकन लक्षात येत नाही. आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर त्या वेळी उपलब्धच नव्हता. ली डी फॉरेस्टचा ऑडिऑन व्हॉल्व्ह १९०६ चा खरा. पण त्याचा उपयोग संदेश वाढवण्यासाठी करता येतो, हे उमगायला १९१२ उजाडले. तोवर एरियलमध्ये जेवढी शक्ती उतरेल तेवढीच कानापर्यंत पोहोचणार होती. हेडफोनने त्यातली किती वाया घालवायची, एवढाच प्रश्न उरत असे.

ती शक्ती कानायोग्य करणारा दुवा म्हणजे डिटेक्टर. आणि इथे कलकत्ता येते. जगदीशचंद्र बसू यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरणाऱ्या डिटेक्टरसाठी १९०१ साली अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला आणि मार्च १९०४ मध्ये ते मंजूर झाले. पेटंट घेण्याविषयी बसूंना मुळात अनास्था होती. सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहाखातर तो अर्ज झाला. १९०६ साली अमेरिकेत ग्रीनलीफ पिकार्डने सिलिकॉनच्या डिटेक्टरचे पेटंट घेतले. स्फटिकाच्या तुकड्यावर बारीक तारेचे टोक अलगद टेकवायचे, एवढीच या डिटेक्टरची रचना. त्या तारेला इंग्रजी बोलणाऱ्यांनी ‘मांजराची मिशी’ असे नाव दिले आणि ते रूढ झाले.

नोव्हेंबर १९२० मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे केडीकेए केंद्र सुरू झाले, नोव्हेंबर १९२२ मध्ये लंडनला बीबीसी आली आणि मग घरोघरी क्रिस्टल सेट बनू लागले. १९२२ सालीच अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने, असा सेट घरी कसा बनवावा याची पुस्तिका काढली. सरकारी पुस्तिका वाचून पोरांनी घरात यंत्रे जोडावीत, हे दृश्य इतिहासात विरळा. या सेटला बॅटरी लागत नाही, वीज लागत नाही. ओटच्या पुठ्ठ्याच्या गोल डब्यावर तार गुंडाळली की कॉइल तयार. एरियल म्हणजे अंगणात ताणलेली तार. अर्थिंगसाठी नळाचा पाइप. डिटेक्टरचा खडा चार आण्यांचा माल. उरला हेडफोन. साऱ्या खर्चातला मोठा वाटा त्याचाच असे.

आणि मग सुरू होई ती जुळवाजुळव, जिच्यासाठी हा छंद खऱ्या अर्थाने छंद होता. स्फटिकाचा प्रत्येक बिंदू सारखा नसतो. मिशी टेकवायची, ऐकायचे, उचलायची, केसभर बाजूला टेकवायची. कोणी दार आपटले की सापडलेला बिंदू हरवला. हेडफोनचीही स्वतंत्र आराधना होती. दुकानदार ‘दोन हजार ओम’, ‘चार हजार ओम’ असे आकडे सांगून माल खपवत. जाणकार मात्र सांगत की रोध हा स्वतः काही गुण नव्हे, बारीक तारेचे वेढे किती आहेत ते महत्त्वाचे. क्रिस्टल सेटमधून येणारा प्रवाह अत्यंत क्षीण असतो. तो पुष्कळ वेढ्यांतून फिरवला तरच चुंबकावर त्याचा परिणाम जाणवतो. कमी वेढ्यांचा साधा टेलिफोन रिसीव्हर त्याच सेटला जोडला तर जेमतेम कुजबुज ऐकू येते.

लंडनच्या एस. जी. ब्राउन यांच्या हेडफोनला मागच्या बाजूस एक स्क्रू असे. तो फिरवत पोलादी पट्टी चुंबकाच्या जवळ न्यायची, ती चुंबकाला चिकटल्याची ‘टक्’ ऐकू आली की किंचित मागे घ्यायचा. त्या दोन स्थितींमधल्या केसभर अंतरात सर्वाधिक आवाज असे. हेडफोन हातातून पडला तर चुंबक क्षीण होई. व्हॉल्व्हच्या सेटला उलट्या तारांनी जोडला तरीही तेच. आणि घरातल्या इतरांनाही ऐकायचे असेल तर हेडफोन चिनी मातीच्या मोठ्या वाडग्यात ठेवत. मग साऱ्यांनी डोकी जवळ आणून श्वास रोखून ऐकायचे.

ब्रिटनमध्ये हा घरगुती उद्योग थेट कायद्याच्या कचाट्यात सापडला. ही हकीकत आज फारशी सांगितली जात नाही. बीबीसी तेव्हा रेडिओ उत्पादकांची खासगी कंपनी होती. दहा शिलिंगांचा श्रवण परवाना घ्यायचा, तर सेटवर कंपनीची मान्यतेची मोहोर हवी आणि तो ब्रिटिश बनावटीचा हवा, अशी अट होती. ज्याने सेट स्वतःच जोडला आहे, त्याने ती मोहोर आणायची कुठून? संशोधनासाठी म्हणून ‘प्रयोगकर्त्यां’चा वेगळा परवाना मिळत असे. मग बघता बघता हजारो गृहस्थ प्रयोगकर्ते झाले. टपालखात्यात अर्जांचा ढीग साचला. अनेकांनी तर परवान्याची वाटच पाहिली नाही. १९२३ साली सरकारला साइक्स समिती नेमावी लागली आणि अखेर घरी सेट बनवणाऱ्यांसाठी पंधरा शिलिंगांचा स्वतंत्र परवाना काढावा लागला. म्हणजे स्वतःच्या हाताने बनवलेल्या सेटवर ऐकण्यासाठी विकतच्या सेटपेक्षा पाच शिलिंग जास्त. हा भेद पुढे मिटला. पण ऐकणाऱ्याने उत्पादकांचा माल विकत घ्यावा, की केवळ ऐकण्याचे मोल द्यावे, हा वाद तेव्हाच उघड्यावर आला होता.

मुंबईत जून १९२३ मध्ये बॉम्बे रेडिओ क्लबने प्रक्षेपण सुरू केले, तेही हौशी मंडळींच्याच बळावर. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. परवान्याची वार्षिक फी दहा रुपये. केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॉट. त्यामुळे स्वस्त क्रिस्टल सेट शहरात आणि त्याच्या आसपासच चाले. पुण्या-नाशकाकडच्या माणसाला व्हॉल्व्हचा महागडा सेट घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. रेडिओचे सामान बहुतांश परदेशी होते. १९३० साली कंपनी बुडाली, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात परवान्यांची संख्या आठ हजारांच्या आतच होती. फुकट ऐकणारे किती होते, ते अर्थातच कोणत्याही वहीत नोंदलेले नाही.

याच दशकात बाल्डविनचे काय झाले? पहिल्या महायुद्धाने त्याच्या हेडफोनची मागणी वाढवली आणि क्रिस्टल सेटच्या लाटेने ती कळसाला नेली. सॉल्ट लेक सिटीजवळ ईस्ट मिलक्रीक येथे त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. त्याच्या इयरपीसला कर्णा जोडून लाउडस्पीकरही बनू लागले. पण बाल्डविन बहुपत्नीत्वाचा समर्थक होता. मॉर्मन चर्चने ती प्रथा अधिकृतपणे सोडली होती, तरीही त्याने ती भूमिका टाकली नाही. अध्यापनाची नोकरीही त्याने त्यापायीच गमावली होती. कारखान्यात त्याने त्याच मताच्या, समाजाने दूर लोटलेल्या माणसांना कामे दिली आणि त्यांच्या कार्यासाठी पैसा सढळ हाताने खर्च केला. १९२४ साली कंपनी दिवाळखोरीत निघाली. पुढे समभागांच्या एका व्यवहारात टपालाद्वारे फसवणूक केल्याचा ठपका येऊन त्याला तुरुंगवास घडला. १९६१ साली तो वारला, तेव्हा त्याच्यापाशी फारसे काही उरले नव्हते. दरम्यान लाउडस्पीकर घरोघरी पोहोचला आणि हेडफोन अडगळीत गेला. तिशीच्या दशकात पुढारलेल्या घरात हेडफोन दिसणे हे जुन्या सेटचे, म्हणजे गरिबीचे लक्षण समजले जाऊ लागले.

युद्धाने तो अडगळीतून पुन्हा बाहेर काढला. १९४४ च्या वसंतात इटलीतील अँझिओच्या किनारपट्टीवर खंदकांत अडकलेल्या अमेरिकन सैनिकांनी दाढीचे निळसर पाते आणि सेफ्टी पिनला जोडलेले पेन्सिलीतले शिसे यांचा डिटेक्टर केला. निळसर पात्यावरचा ऑक्साइडचा थर स्फटिकाचे काम करतो. व्हॉल्व्हचे काही सेट स्वतःच लहरी बाहेर टाकतात आणि त्यावरून शत्रूला ठिकाण कळते. या पात्याच्या सेटला तो धोका नव्हता. रोमहून लागणारे संगीत त्यांना ऐकू येई. पाते, पिन, पेन्सिल, तार हे सारे खंदकातले. हेडफोन मात्र सैन्याच्या सामानातलाच होता.

जर्मनांनी व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये मे १९४३ मध्ये रेडिओ जमा करण्याचा हुकूम निघाला आणि तिथे काडेपेटीत, तंबाखूच्या डब्यात मावतील असे क्रिस्टल सेट बनू लागले. पण हेडफोनची खरी किंमत कळते ती इंग्लिश खाडीतील बेटांवर. जर्सी, ग्वेर्नसी ही ब्रिटिश राजसत्तेखालची बेटे १९४० च्या उन्हाळ्यापासून जर्मनांच्या ताब्यात होती. जून १९४२ मध्ये तेथील सर्व रेडिओ जप्त झाले. बीबीसी ऐकणे आणि त्या बातम्या इतरांना सांगणे गुन्हा ठरले. जर्सीत क्लिफर्ड कोहू नावाचे पाद्री इस्पितळातल्या रुग्णांना युद्धाच्या बातम्या सांगत फिरत. त्यांना १९४३ साली अटक झाली आणि १९४४ च्या सप्टेंबरात जर्मनीतील एका छळछावणीत ते मरण पावले. ग्वेर्नसीत चार्ल्स मेशन, फ्रँक फॅला आणि त्यांचे सहकारी बीबीसीच्या बातम्यांचे एक पानी गुप्त पत्रक काढत. १९४४ मध्ये ते पकडले गेले. मेशन आणि जोसेफ गिलिंगहॅम हे दोघे परत आले नाहीत.

ज्यांच्यापाशी लपवलेला रेडिओ नव्हता, त्यांनी क्रिस्टल सेट बनवले. तार होती, खडे मिळत होते. अडले ते नेहमीच्याच जागी. मग बेटांवरच्या सार्वजनिक टेलिफोनमधले इयरपीस नाहीसे होऊ लागले. ते साधे, कमी वेढ्यांचे रिसीव्हर. पण एका कानाला घट्ट दाबून, खोलीत पूर्ण शांतता राखून, बीबीसीसारख्या प्रबळ केंद्राच्या बातम्या त्यातूनही पकडता येत. एका हाताने मिशी सांभाळायची, दुसऱ्या हाताने इयरपीस धरायचा आणि तिसऱ्या माणसाने दाराशी उभे राहायचे. १९४४ च्या जूनमध्ये मित्रराष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीत उतरल्यावर बेटांची रसद तुटली आणि त्या हिवाळ्यात वीजही गेली. लपवलेले चांगले रेडिओ मुके झाले. क्रिस्टल सेट मात्र बोलत राहिले, कारण त्यांना वीज कधी लागतच नव्हती. ८ मे १९४५ रोजी चर्चिलचे भाषण जर्सीच्या रॉयल स्क्वेअरमध्ये लाउडस्पीकरवरून ऐकवले गेले. तीन वर्षे कान दाबून ऐकलेला आवाज त्या दिवशी चौकात उघडपणे घुमला.

युद्धानंतर छंदाचे रूप पालटले. आता प्रश्न ऐकू येते की नाही, हा राहिला नव्हता. किती खरे ऐकू येते, हा होता. १९५८ साली अमेरिकेतील मिलवॉकीत जॉन कॉस यांनी स्टिरिओ संगीतासाठी हेडफोन आणला, १९६० साली जपानच्या स्टॅक्सने चुंबकाऐवजी स्थिर विद्युतभारावर चालणारा हेडफोन बाजारात आणला आणि १९६८ साली जर्मनीच्या झेनहायझरचा, पिवळ्या फोमच्या गाद्यांचा, मागून उघडा एचडी ४१४ आला. त्याचा रोधही दोन हजार ओमच होता. क्रिस्टल सेटच्या जमान्यातला तो आकडा असा पुन्हा अवतरला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस चू मॉय या हौशी रचनाकाराने हेडफोनसाठी छोट्या अॅम्प्लिफायरचा आराखडा इंटरनेटवर खुला केला. नऊ व्होल्टची बॅटरी, एक ऑप-अॅम्प चिप, थोडे रेझिस्टर आणि कपॅसिटर. आणि हे सारे पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवायची प्रथाच पडली. ओटच्या डब्याची जागा गोळ्यांच्या डबीने घेतली, एवढेच. त्यात चिप बदलून पाहणे, कपॅसिटर बदलून पाहणे, तीच तान दहा वेळा ऐकणे हा नव्या पिढीचा मिशी शोधण्याचा खेळ. त्यातला किती फरक कानाला कळतो आणि किती मनाला, यावर हौशींमध्ये कडाक्याची भांडणे होतात.

कानाच्या आत बसणारे इयरफोन घरी घडवणारे आजचे हौशी कवच स्वतः ओततात, नळ्या स्वतः कापतात, ध्वनीचा समतोल साधण्यासाठी बारीक जाळ्या बदलत बसतात. आतला आवाज निर्माण करणारा दाणा मात्र ते तयार विकत घेतात. त्याचे नाव ‘बॅलन्स्ड आर्मेचर’. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तोलून धरलेली एक लोखंडी पट्टी, पट्टीला जोडलेली बारीक काडी आणि काडीच्या टोकाशी हलका पडदा.